चाकाची लय

गाडीतल्या बहुतेक आवाजांची आपल्याला सवय होते. डॅशबोर्डमागे काहीतरी किरकिरतं, डिकीत जॅक हलतो, एखाद्या दाराचं रबर कुरकुरतं आणि थोड्याच दिवसांत ते सगळं कानाआड होतं. चाकाकडून येणाऱ्या आवाजाचं तसं होत नाही. तो गाडीच्या वेगाला बांधलेला असतो. आपण हळू झालो की तो रेंगाळतो, वेग वाढवला की घाईला येतो, थांबलो की बंद. धब, धब, धब. एकदा कानात शिरला की शेजारी बसलेल्या माणसाचं बोलणंसुद्धा नीट ऐकू येत नाही.

मी हे आवाज फार मन लावून ऐकते. ताशी ऐंशीने धावणारी टनभर वजनाची गाडी रस्त्याला फक्त चार जागी टेकलेली असते आणि त्या प्रत्येक जागी रबर असतं जेमतेम तळहाताएवढं. घरची माणसं एवढ्याशा आधारावर निर्धास्त डुलक्या घेत असतात. तिथून काही ऐकू येत असेल, तर रेडिओचा आवाज वाढवून ते झाकणं मला जमत नाही.

त्यातून लयीत येणारा आवाज म्हणजे शोधणाऱ्याला मोठीच मदत असते. मध्येच कधीतरी होणारी खडखड माणसाला दमवते. मेकॅनिकसमोर नेमकी होत नाही, घरी परतताना होते. लयीतला आवाज पुन्हा पुन्हा येतो. तो मोजता येतो, आणि मोजला तर कुठून येतोय ते बरंचसं कळतं. माझा आग्रह एवढाच असतो, की आधी मोजा, मग पाना हातात घ्या.

मोजायचं कसं, तर चाकाच्या घेरापासून सुरुवात करायची. टायरच्या बाजूवर लिहिलेलं असतं, समजा १८५/६५ आर १५. टायरची रुंदी १८५ मिलिमीटर, बाजूची उंची त्याच्या ६५ टक्के म्हणजे साधारण १२० मिलिमीटर आणि रिम १५ इंचाची. खालची-वरची उंची आणि रिम मिळवली की चाकाचा व्यास होतो सुमारे ६२ सेंटिमीटर, आणि घेर दोन मीटरला थोडा कमी. म्हणजे एका किलोमीटरला चाक पाचशेहून थोड्या जास्त फेऱ्या मारतं. ताशी २० च्या वेगाला सेकंदाला जवळजवळ तीन फेऱ्या, ६० ला साडेआठ, १०० ला चौदा.

यातला २० चा आकडा सगळ्यात कामाचा. सेकंदाला तीन ठोके कुणालाही मोजता येतात, मांडीवर बोटांनी धरता येतात. साडेआठ मोजता येत नाहीत, आणि सेकंदाला वीसच्या आसपास गेले की कानाला वेगवेगळे ठोके उरतच नाहीत, त्यांचा एक सलग सूर होतो. हमरस्त्यावर 'घुर्र असा काहीतरी आवाज येतो' एवढंच सांगता येतं ते यामुळे. तोच आवाज रिकाम्या रस्त्यावर सावकाश जाताना ऐकला, तर दर फेरीला एकदा येतोय, दोनदा येतोय की त्याचा फेरीशी काही संबंधच नाही, हे उलगडायला लागतं. दर फेरीला नेमका एकदा येणारा ठोका म्हणजे तालाची सम. चाकावरच्या कुठल्या तरी एकाच जागी काहीतरी आहे, आणि ती जागा खाली किंवा ब्रेकजवळ आली की बोलते.

ती जागा बहुतेक वेळा अगदी साधी निघते. टायरच्या खाचेत रुतलेला खडा हा पहिला संशयित. त्याची टिकटिक कोरडी, टोकदार, आणि खिडकी उघडून भिंतीच्या कडेने गेलं तर जास्तच स्पष्ट ऐकू येते, कारण भिंतीवरून आवाज परत येतो. खड्याऐवजी खिळा असेल तरी आवाज तोच. खिळा दिसला तर तो तिथेच उपटायचा मोह आवरावा. कित्येकदा हवा त्यानेच धरून ठेवलेली असते. गाडी बरेच दिवस एका जागी उभी असेल तर टायरचा खालचा भाग चपटा पडतो आणि निघाल्यावर धब-धब सुरू होते. टायर गरम झाला की काही किलोमीटरमध्ये ती ओसरते. ओसरली तर काळजी नाही. करकचून ब्रेक दाबून चाक घसटत गेलं असेल, तर मात्र तिथलं रबर घासूनच गेलेलं असतं. तो सपाट भाग कितीही चालवलं तरी भरून येत नाही.

पण मोजण्याच्या आधीही काही प्रश्न असतात. पहिला रस्त्याचा. काँक्रीटच्या रस्त्याला ठरावीक अंतरावर सांधे असतात. पुढची चाकं त्यावरून जातात, पाठोपाठ मागची, आणि टप-टप, टप-टप अशी जोडीची लय ऐकू येते. डांबर लागलं की ती नाहीशी होते. दुसरा प्रश्न इंजिनाचा. सरळ, मोकळ्या रस्त्यावर वेग एकसारखा ठेवून क्लच दाबायचा, गिअर न्यूट्रलला घ्यायचा आणि गाडी तशीच पळू द्यायची. इंजिनाचे फेरे खाली आले तरी आवाज तसाच राहिला, तर तो इंजिनाकडचा नाही. ही तपासणी करताना चावी मात्र कधीही फिरवू नये. चालत्या गाडीचं इंजिन बंद केलं की स्टिअरिंग जड होतं, ब्रेकला मिळणारी मदत एक-दोनदा पेडल दाबल्यावर संपते, आणि काही गाड्यांत स्टिअरिंगच अडकतं. आवाज शोधायच्या नादात असा धोका पत्करणारी माणसं मी पाहिली आहेत आणि मला ते अजिबात पटत नाही.

मग ब्रेक. पेडल हलकेच दाबलं की आवाज बदलतो का? ब्रेकचे पॅड झिजत आले की त्यावरची पत्र्याची छोटी जीभ चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कला घासून कर्कश ओरडते. ती त्यासाठीच लावलेली असते, आणि कित्येकदा ब्रेक दाबला की तिचा आवाज बदलतो किंवा थांबतो. ब्रेक दाबल्यावरच पायाखाली धडधड जाणवत असेल तर लोक म्हणतात, डिस्क वाकली. खरं तर ती बहुधा वाकलेली नसते. तिची जाडी सगळीकडे सारखी राहिलेली नसते, आणि हा फरक मिलिमीटरच्या शंभराव्या भागात मोजावा लागतो. एवढ्याशा फरकाने अख्खं स्टिअरिंग थरथरू शकतं, याचं मला दर वेळी नव्याने आश्चर्य वाटतं. दर फेरीला एकदा 'श्श्‌' असा पत्रा घासल्यासारखा आवाज येत असेल, तर डिस्कच्या मागचं पातळ पत्र्याचं कवच वाकून कडेला टेकलेलं असतं. ते हाताने मागे वाकवलं की आवाज बंद. इतक्या साध्या गोष्टीसाठी ब्रेक पॅडचा पूर्ण संच बदलला गेल्याचं ऐकलं की वाईट वाटतं.

वळणावर ऐकणं हा यातला सगळ्यात सुंदर भाग. गाडी डावीकडे वळली की वजन उजव्या चाकांवर जातं, उजवीकडे वळली की डाव्या. व्हील बेअरिंग, म्हणजे चाक ज्यावर फिरतं ती गोळ्यांची कडी, गेलं असेल तर ज्या बाजूवर भार येतो त्या बाजूला घुंई वाढते आणि भार उतरला की कमी होते. म्हणजे रस्ता रुंद आणि रिकामा असेल तेव्हा वेग न बदलता थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे नेलं, की कुठल्या बाजूला शोधायचं ते बहुतेक वेळा कळतं. बहुतेक वेळा, नेहमी नाही. बेअरिंगचं आणखी एक लक्षण मला फार आवडतं. त्यातल्या गोळ्या चाकाबरोबर पूर्ण फेरी मारत नाहीत. बहुतेक गाड्यांत आतली कडी चाकासोबत फिरते, बाहेरची स्थिर असते, आणि मधली गोळ्यांची माळ चाकाच्या एका फेरीला अर्ध्याहूनही थोडी कमी सरकते. त्यामुळे बेअरिंगची खरखर चाकाच्या फेरीशी नीट जुळत नाही. बोटांनी ठेका धरला की ती सारखी निसटत राहते. मोजायला बसलं आणि मोजता येईना, तर तेही काहीतरी सांगत असतं.

याच्या उलट, ज्या गाड्यांना मागची चाकं ढकलतात त्यांच्यात गाडीच्या पोटाखालून जाणारा लांब प्रोपेलर शाफ्ट असतो. शाफ्टची फिरकी मागच्या चाकांकडे वळवणाऱ्या डिफरन्शियलच्या दात्यांमुळे चाकाच्या एका फेरीला तो साधारण चार वेळा फिरतो. तिथला सांधा गेला असेल तर लय चाकाच्या जवळपास चौपट येते. एकदा हा हिशेब डोक्यात बसला की चाक आणि शाफ्ट यांच्यात गोंधळ होत नाही.

पुढची चाकं ओढणाऱ्या गाडीत वळणावरची टक-टक-टक वेगळीच. मोकळ्या आवारात स्टिअरिंग पूर्ण फिरवून, हलकेच अ‍ॅक्सिलरेटर देत गोल चक्कर मारली की ती स्पष्ट ऐकू येते. ही सीव्ही जॉइंटची, म्हणजे इंजिनाकडून येणारा दांडा चाकाला जिथे जोडतो त्या सांध्याची. चाक वळलेलं असतानाही त्याला एकसारख्या गतीने फिरवायचं हे काम तसं अवघड. आल्फ्रेड झेपा या अभियंत्याने १९२० च्या दशकात त्यावर सहा गोळ्यांचा सांधा काढला, १९५९ च्या मिनी गाडीत तो पुढच्या चाकांना बसला आणि आज पुढून ओढणाऱ्या बहुतेक गाड्यांत त्याच घराण्यातला सांधा असतो. गोळ्या ज्या खाचांतून सरकतात त्या झिजल्या की वळणावर गोळी अडखळते आणि टक्‌ होतं. झीज होते ती बहुधा सांध्यावरचं रबरी आवरण, म्हणजे बूट, फाटल्यामुळे. ग्रीस बाहेर उडतं, धूळ-पाणी आत जातं. रिमच्या आतल्या बाजूला काळ्या ग्रीसचे शिंतोडे दिसले तर आवाज सुरू होण्याआधीच कळतं, आणि त्या वेळी नुसता बूट आणि ग्रीस बदलून सांधा वाचू शकतो. दर वेळी चाक वळवून त्या बुटाकडे नजर टाकायला कितीसा वेळ लागतो?

आमच्या गाडीला मध्यंतरी जो आवाज लागला तो यातल्या कशातच पटकन बसेना. पन्नाशीच्या पुढे मागून घूंऽ घूंऽ अशी लाट यायची, मध्येच फुगायची, मध्येच ओसरायची. गाडी एका गॅरेजमध्ये दाखवली. तिथल्या माणसाने ती चालवून न पाहताच मागची दोन्ही बेअरिंगं बदलायला सांगितली. कदाचित त्याचा अंदाज अनुभवाचा असेल, पण मला तो मान्य होईना. आवाज गाडी धावताना येतो, आणि गाडी उभी होती.

मग दादाला म्हटलं, तू चालव, मी मागे बसते. चालवणाऱ्याला आवाजाची बाजू नीट कळत नाही. तो पुढे बसलेला असतो, आणि त्याचं लक्ष रस्त्यावर असायला हवं. मागच्या सीटवर बसून कान आधी डाव्या चाकाच्या कमानीकडे, मग उजव्या.

"दादा, पुन्हा एकदा डावीकडे घे ना, तसंच सावकाश."

"घेतो. आधी पट्टा लाव."

डावी-उजवीकडे घेऊन लाट बदलली नाही. हा बेअरिंगच्या विरोधातला पहिला पुरावा. जुन्या खरबरीत डांबरावरून नव्या गुळगुळीत पट्ट्यावर आलो तेव्हा मात्र आवाजाचा पोतच बदलला. बेअरिंगला खाली कुठला रस्ता आहे याचं काही देणंघेणं नसतं. टायरला असतं. आणि वेग २० वर आणला तेव्हा मोजण्याइतका आवाजच उरला नाही. एका जागी काही रुतलं असतं किंवा फुगलं असतं, तर हळू जाताना ते जास्त ठळक झालं असतं.

घरी येऊन सपाट जागेवर पुढच्या चाकांना अडण लावली, गाडी गिअरमध्ये ठेवली, हँडब्रेक सोडला आणि मागचं उजवं चाक जॅकवर उचललं. नुसत्या जॅकवर असलेल्या गाडीखाली डोकं किंवा खांदा जाता कामा नये. मी बाहेर बसूनच काम करते. एका हाताने चाक फिरवायचं आणि दुसऱ्या हाताचा तळवा सस्पेन्शनच्या स्प्रिंगवर ठेवायचा. बेअरिंगमधली खरखर कानाला ऐकू येण्याआधी स्प्रिंगच्या कड्यांत उतरते, बोटांना बारीक वाळू दळल्यासारखी लागते. माझ्या हाताखाली स्प्रिंग स्तब्ध होती. चाक वर आणि खाली धरून हलवलं, प्ले, म्हणजे ढिलेपणा, नव्हता. डाव्या चाकाचीही तीच गत.

मग टायरवरून हात फिरवला. वरून पाहताना टायर चांगला दिसत होता, खाचा खोल होत्या. बाहेरच्या कडेवर हात सरळ गेला. आतल्या कडेवर तळवा एका दिशेने नेला तर गुळगुळीत, उलट आणला तर नक्षीच्या प्रत्येक ठोकळ्याची धार बोटांना लागली, आणि मध्येमध्ये उथळ खळगे. एक चढ, एक उतार, पुन्हा चढ, असं पूर्ण घेरभर. डोळ्यांना जे दिसलं नव्हतं ते तळहाताला लगेच कळलं. टायर बनवणारे नक्षीचे ठोकळे मुद्दाम वेगवेगळ्या लांबीचे ठेवतात, म्हणजे रस्त्यावर पडणाऱ्या त्यांच्या थापा एकाच सुरात जमून कानाला टोचत नाहीत. अशी खळग्याखळग्यांची झीज झाली की ही सगळी मेहनत वाया जाते आणि घूंऽ घूंऽ सुरू होते.

खात्री करायला मागची चाकं त्याच बाजूला पुढे बसवली, पुढची मागे. पुन्हा त्याच रस्त्यावर. लाट पुढे आली, दादाच्या पायाशी. जागा बदलल्यावर आवाजही सोबत गेला, म्हणजे तो टायरचा; बेअरिंगचा असता तर मागेच राहिला असता. शंका फेडायचा याहून सरळ उपाय मला माहीत नाही, आणि त्याला एक पाना आणि एक जॅक सोडून काही लागत नाही.

चाक काढलं-घातलं की नटांचं काम मन लावून करायचं. समोरासमोरचे नट आळीपाळीने आवळायचे, गाडी जमिनीवर टेकल्यावर शेवटचा जोर द्यायचा. किती जोर ते गाडीच्या पुस्तिकेत असतं. बहुतेक छोट्या गाड्यांना ८० ते १२० न्यूटन-मीटर. आणि ५० ते १०० किलोमीटर झाल्यावर पुन्हा एकदा तपासायचे. हे मी इतक्या काटेकोरपणे सांगते, कारण सैल नटांचाही आवाज लयीतच येतो. हळू वेगात खडक-खडक, स्टिअरिंगला हिसके, आणि वेग वाढला की कधीकधी तो आवाज दबतो. आवाज दबला म्हणजे बरं झालं असं त्या वेळी वाटू शकतं, आणि ते फार धोक्याचं आहे. चाक काढल्यानंतरच्या पहिल्याच प्रवासात नवा ठोका ऐकू आला तर पुढच्या वळणापर्यंतही जाऊ नये. बाजूला थांबून नट पाहावेत.

थांबायला लावणारा दुसरा आवाज टायरच्या पट्ट्याचा. रेडिअल टायरचं पेटंट मिशेलिनने १९४६ मध्ये घेतलं, तेव्हापासून नक्षीच्या रबराखाली पोलादी तारांचे पट्टे असतात. ते आतून सुटायला लागले की टायरच्या पृष्ठभागावर फुगा येतो. चालण्याच्या वेगात स्टिअरिंग डावी-उजवीकडे डुलतं, फेरीला एक धप्प पडते आणि दिवसेंदिवस मोठी होत जाते. बाजूच्या भिंतीवर फुगा असेल तर तिथल्या दोऱ्या तुटलेल्या असतात. दोन्हींवर दुरुस्ती नाही. स्टेपनी घालावी आणि तो टायर पुन्हा गाडीला लावू नये. पैसे वाचवण्यासाठी 'हळूहळू चालवतो' असं म्हणणाऱ्या माणसाशी मी वाद घालते, आणि पुढेही घालीन.

आमच्या टायरांना खळगे का पडले, हा प्रश्न उरलाच होता. टायर आपणहून असा झिजत नाही. चाक रस्त्यावर दाबून धरायचं काम शॉक अ‍ॅब्सॉर्बरचं; तो थकला की चाक बारीक बारीक उड्या मारत जातं आणि प्रत्येक उडीला रबराचा एक घास जातो. मागच्या उजव्या शॉक अ‍ॅब्सॉर्बरच्या नळीवर तेलाचा ओला डाग होता, त्यावर धूळ चिकटून जाड थर बसलेला. गाडीचा कोपरा दाबून सोडायची जुनी परीक्षा केली तर ती एकदाच वर येऊन थांबली, म्हणजे पास झाली. पण ती परीक्षा पार मोडीत निघालेलाच पकडते, नुकताच थकायला लागलेला तिच्या हाती लागत नाही. मागचे दोन्ही बदलून घेतले, कारण एका अ‍ॅक्सलवर एक नवा आणि एक जुना ठेवला तर दोन बाजू वेगवेगळ्या वागतात. अलाइनमेंटही करून घेतलं.

या वेळी गेलो ते दुसऱ्या मेकॅनिककडे, आणि जाताना कागदावर लिहून नेलं: आवाज पन्नाशीपुढे, न्यूट्रलमध्ये तसाच, ब्रेक दाबून फरक नाही, वळणावर फरक नाही, रस्ता बदलला की बदलतो, चाकं बदलल्यावर पुढे आला. त्यांनी कागद वाचला, गाडी काढली आणि मला शेजारी बसवून चक्कर मारून आणली. "बेअरिंग नाही ताई," एवढंच म्हणाले. कागदावर लिहून नेलं की बोलणं सोपं होतं. आपल्याला जे ऐकू आलं तेवढंच सांगावं, दोष कशात आहे ते ठरवणं त्यांच्यावर सोडावं.

शॉक अ‍ॅब्सॉर्बर बदलूनही आवाज लगेच गेला नाही. जाणारच नव्हता. एकदा खळगे पडलेलं रबर पुन्हा सपाट होत नाही, आणि तो टायर शेवटपर्यंत घुमतच राहतो. खाचा अजून पुरेशा खोल होत्या, फुगा किंवा चीर कुठे नव्हती, म्हणून ते दोन टायर आम्ही तसेच वापरले आणि झीज-खुणेच्या जवळ आले तेव्हा काढले. नव्यांवर पहिल्यांदा निघालो तेव्हा दादाने काही न बोलता खिडक्या खाली केल्या आणि आम्ही दोघंही बराच वेळ ऐकत राहिलो. आता हवा भरायला थांबलो की मी चारही टायरांवरून तळहात फिरवते, आधी एका दिशेने, मग उलट. आतल्या कडेपर्यंत हात पोचायला गुडघा टेकावा लागतो, तो टेकते.